बुढा पडन म्हणून बांधून ठेवायचा का?

सरळ सांगतो, म्हाताऱ्या माणसांना बांधून ठेवतात. वृद्धाश्रमात ठेवतात, आता तालुक्या-तालुक्याला जे केअर सेंटर निघालेत तिथं ठेवतात, आणि घरी पण ठेवतात. भेटायला जाणाऱ्या पोरांना दिसतं, राऊंडला येणाऱ्या डॉक्टरला दिसतं, बोलत मात्र कोणीच नाही. मला ते बिलात दिसतं. माझं तालुक्याला मेडिकल आहे, आजूबाजूच्या दोन-तीन सेंटरचा माल माझ्याकडून जातो, तेवढ्या नात्यानं हे लिहितोय, बाकी मी डॉक्टर नाही की समाजसेवक नाही.

तर माल काय जातो, डायपर, अंडरपॅड, बेडसोरचं मलम, इसबगोल, शुगर-बीपीच्या गोळ्या, हे सगळं समजू शकतो. पण क्रेप बँडेज? पाय मुरगळला की आपण गुंडाळतो ना ती ताणणारी पट्टी, ती. जिथं अर्धे लोक पलंगावरून खालीच उतरत नाहीत तिथं दर महिन्याला एवढे पाय कोणाचे मुरगळतात, असं मी एकदा गमतीनं विचारलं तर माल न्यायला आलेला पोरगा म्हणे, "पायाले नाही भाऊ, हाताले लागते." मनगटाला दोन वेढे आणि उरलेलं टोक पलंगाच्या दांडीला. दोरीनं वळ उठतात मग नातेवाईक बोंब मारतात, क्रेपनं वळ उठत नाही. अक्कल वापरलीये, पण कुठं वापरलीये बघा.

आणि हात बांधणं हा एकच प्रकार नाही राजेहो. खुर्चीत बसवून पोटावरून जुनं लुगडं घेतात आणि मागं गाठ मारतात. चाकाच्या खुर्चीला जेवायला म्हणून समोरून टेबल अडकवतात आणि जेवण झाल्यावर काढतच नाहीत. पलंगाचे दोन्ही कठडे वर करून ठेवतात. पलंग भिंतीला चिकटवून दुसऱ्या बाजूनं कपाट सरकवतात. डायपर ओढू नये म्हणून हातात जाड मोजे घालून मनगटाशी बांधतात. खोलीला बाहेरून कडी घालतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गोळी, रात्री एक दिली की सकाळी दहापर्यंत चिंता नाही. जपानच्या सरकारनं २००१ साली एक पुस्तिका काढून अशा अकरा गोष्टी लिहूनच दिल्या, की ह्या केल्या म्हणजे तुम्ही माणसाला बांधलं असं धरू, त्यात कठडे आहेत, मोजे आहेत, उठता येणार नाही अशी खुर्ची आहे, कुलूप आहे आणि गुंगीची गोळी पण आहे. मी माझ्याकडून बारावी जोडतो, चष्मा आणि काठी काढून घेणं. हे कोणी बांधण्यात मोजतच नाही, पण ज्याला दोन हातापुढचं दिसत नाही तो उठून जाणार कुठं?

आता तुम्ही म्हणाल सेंटरवाले राक्षस आहेत. नाहीत हो. मी ओळखतो त्यांना. एक जण आधी हॉस्पिटलात ब्रदर होता, दुसऱ्याचं मंगल कार्यालय चालेना म्हणून त्यानं हॉलमध्ये पलंग टाकले. गरज होती म्हणून हे धंदे निघाले. पोरगा पुण्याला चाकणच्या कंपनीत, पोरगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात, सोयाबीनला भाव नाही म्हणून वावर मक्त्यानं दिलेलं, आणि घरी बुढ्याला लकवा मारलेला किंवा बुढी काल काय जेवली ते विसरलेली. घरी बघणार कोण? मग महिन्याचे दहा-बारा हजार भरून ठेवतात. त्या पैशात वीस जणांमागं रात्री एक आया असते, ती पण बाजूच्या गावची, दिवसभर निंदण करून आलेली. दोघं एकदम उठले तर ती एकीकडंच धावू शकते. म्हणून मग ती बांधते. तिच्या जागी मी असतो तर मी पण बांधलं असतं बहुतेक. म्हणूनच तिला दोष देऊन काही होणार नाही, हे ठरवणारे लोक दुसरेच आहेत.

बांधण्याचं कारण विचारा, सगळीकडं एकच उत्तर. पडन. बुढा पडन, खुबा मोडन, मग नागपूरला न्या, लाखाच्या घरात खर्च करा, आणि पोरगा म्हणन तुमच्याकडं ठेवला होता ना, लक्ष कुठं होतं. भीती खोटी नाही. खुब्याचं हाड मोडलेली बरीच म्हातारी माणसं परत पहिल्यासारखी चालत नाहीत, हे प्रत्येक गल्लीत पाहिलंय. पण बांधल्यानं पडणं थांबतं का हे आपल्याकडं कोणी तपासून पाहत नाही.

बांधलेल्या म्हाताऱ्याच्या मांड्या पाहा. म्हातारपणी पाय चालत नसले की आठवड्या-दोन आठवड्यात मांस उतरायला लागतं, गुडघे आखडतात, तोल जातो. मग आंघोळीला म्हणून सोडतात आणि तो तिथंच मोरीत पडतो, आणि सगळे म्हणतात बघा, म्हणूनच बांधत होतो. त्याला पाडलं कोणी? वर एकाच कुशीवर पडून बेडसोर होतो, बद्धकोष्ठ होतं, लघवी डायपरमध्येच करायची सवय लावली की थोड्या दिवसांनी संडासला जातो म्हणून सांगणंच बंद होतं. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लाईट गेली की कूलर बंद, आणि बांधलेल्या माणसाला हातभर अंतरावरचा पाण्याचा गिलास घेता येत नाही. ओरडला तर 'त्रास देते बुढा'.

कठड्याची गोष्ट तर अजूनच उलटी. कठडा लावला की घरच्यांना वाटतं वा, हॉस्पिटलसारखी सोय आहे. पण ज्याला उतरायचंच आहे तो कठड्यावरून टांग टाकतो, म्हणजे दोन फुटावरून पडायचा तो साडेतीन-चार फुटावरून पडतो. किंवा फटीत मान-छाती अडकते. अमेरिकेत १९८५ ते २०१३ ह्या काळात पलंगाच्या कठड्यात अडकून मेलेल्यांची सरकारी नोंद पाचशेच्या वर आहे, आणि ही नोंद झालेल्यांची. आपल्याकडं कोण नोंदवतंय, 'झोपेतच गेले' म्हणून मोकळे.

अमेरिकेचं नाव निघालं तर तिथलंच सांगतो. १९८० च्या दशकात तिकडच्या नर्सिंग होममध्ये दहातली चार माणसं बांधलेली असायची. श्रीमंत देश, शिकलेल्या नर्सेस, तरीपण. १९८७ ला कायदा आला की शिस्तीसाठी किंवा स्टाफच्या सोयीसाठी कोणाला बांधायचं नाही, गोळीनं पण नाही, आणि हळूहळू करत आज ते प्रमाण शंभरात दोनच्या खाली आलंय. मधल्या काळात म्हातारे बदलले नाहीत, त्यांचा आजार तोच होता. जर्मनीत तर ३६ संस्था घेऊन नीट ट्रायल केली, २०१२ ला छापून आली. निम्म्या संस्थांत स्टाफला ट्रेनिंग दिलं, प्रत्येक ठिकाणी एका नर्सला ह्या कामासाठी जास्त शिकवलं, नातेवाईकांना माहितीपत्रकं दिली. सहा महिन्यांत बांधलेल्यांचं प्रमाण शंभरात साडेएकतीसवरून साडेबावीसवर आलं, बाकी संस्थांत जवळपास होतं तिथंच राहिलं. आणि ज्याला सगळे भितात ते, पडणं आणि हाडं मोडणं, त्यात दोन्हीकडं फरक निघाला नाही. म्हणजे कमी बांधलं म्हणून जास्त पडले असं झालं नाही. मी हे आकडे एका सेंटरवाल्याला सांगितले तर तो म्हणे तिकडं असन भाऊ, आपल्याकडं जमत नाही. मला कळत नाही, तिकडच्या बुढ्याच्या मांड्या काय वेगळ्या असतात?

जमतं. आपल्याकडंच जमतं, आणि ते करणारी तीच निंदण करून आलेली बाई असते.

एका ठिकाणी एक आबाजी होते, जन्मभर कास्तकारी केलेले, आता डोकं चालत नव्हतं, पोराला भाऊ समजायचे. रोज रात्री दीड-दोनला उठून चप्पल शोधायचे, दाराकडं जायचे, अडवलं तर शिव्या आणि काठी. सेंटरच्या वहीत लिहिलेलं, 'रात्री आक्रमक होतात.' हात बांधले, गोळी वाढवली, तरी उठायचेच. मग नवीन आया आली, ती काही शिकलेली नाही, तिनं पहिल्याच रात्री अडवण्याऐवजी विचारलं, "काऊन उठले आबाजी?" तर म्हणे, "लाईन आली काय वं?" झालं. जो माणूस कास्तकार आहे त्याला सांगायला नको, शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईन, म्हणजे वीज, कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी असली की दोनला उठून बॅटरी घेऊन वावरात जायचं, मोटर चालू करायची, हरभऱ्याला पाणी सोडायचं, साप-विंचवातून, डुकरातून. आबाजींनी उभी हयात ते केलं. आता त्यांचं बाकी सगळं पुसलं गेलं आणि ही एक धास्ती उरली की लाईन येऊन जाईन आणि वावर कोरडं राहीन. बाईनं सांगितलं, "आज दिवसाची लाईन हाय आबाजी, रातच्याले नाही. निजा." आणि ते निजले. रोज झोपले असं नाही, कधी कधी तिला त्यांच्यासोबत अंगणात एक चक्कर मारून गेटजवळच्या मीटरचा लाल दिवा दाखवून आणावं लागायचं. पण हात सुटले, गोळी पण उतरवता आली.

आता मला सांगा, ह्या माणसाला 'आक्रमक' कोणी केलं? आणि ही अक्कल कोणत्या कोर्समध्ये शिकवतात? नागपूरचा मोठा डॉक्टर हे ओळखू शकला नसता, त्याच्या बापानं कधी रात्री मोटर चालू केली नसन. आपल्या खेड्यातल्या आयांकडं ही माहिती आहे, फक्त त्यांना कोणी विचारत नाही, त्यांना फक्त सांगतात बांध. तशीच एक बुढी, तिचे हात सारखे चालायचे, चादर खुडायची, सलाईनची नळी खुडायची. हातमोजे घालून ठेवले होते. अर्धी जिंदगी कापूस वेचण्यात गेली तिची, हात चालणारच. तिला कोणीतरी सरकी काढलेला कापूस आणून दिला, वाती वळ म्हणाले. वळायची, त्या काही सरळ नसायच्या, पण हात तिथं गुंतले आणि नळीकडं जाणं खूप कमी झालं. खर्च किती आला हे विचारूच नका, कापूस तर आपल्याकडं रस्त्यावर उडतो.

दुसरी गोष्ट दुखण्याची. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याचं दुखणं बाहेर कसं पडणार, तो ओरडतो, हात झटकतो, उठून बसतो. नॉर्वेमध्ये १८ नर्सिंग होममधल्या स्मृतिभ्रंशाच्या साडेतीनशे लोकांवर हे करून पाहिलं, २०११ चं आहे, की आधी दुखण्यावर नीट पद्धतशीर औषध द्या, आणि बऱ्याच जणांना दिलं काय तर साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत चिडचिड, आरडाओरडा चांगलाच कमी झाला. मी मेडिकलवाला आहे म्हणून गोळीची जाहिरात करतोय असं समजू नका, पॅरासिटामॉलमध्ये मला काय सुटतं. उलट झोपेच्या आणि डोकं शांत करायच्या ज्या गोळ्या जातात त्यांच्यावर मला जास्त मिळतं, आणि मी म्हणतोय त्या कमी करा. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना डोकं शांत करायच्या गोळ्या, म्हणजे अँटिसायकोटिक, दिल्या की मरणाचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ पासून पाकिटातल्या माहितीवर काळ्या चौकटीत छापायला लावलाय. तरी तिकडं पण पट्ट्या सुटल्या आणि गोळ्या वाढल्या असं झालंच, २०११ च्या सुमाराला तिथल्या नर्सिंग होममध्ये कायम राहणाऱ्या जवळपास चौघातल्या एकाला ही औषधं चालू होती, मग त्याच्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. म्हणजे उद्या कोणा सेंटरवाल्यानं अभिमानानं सांगितलं की आमच्याकडं एकही माणूस बांधलेला नाही, तर आधी त्याचं औषधाचं बिल बघा. सगळे दुपारी बारा वाजता पण झोपलेले दिसत असतील तर समजून घ्या.

बाकी करायच्या गोष्टी साध्या आहेत, पटापट सांगतो. म्हातारे पुष्कळदा पडतात ते संडासला जाताना, तर उठायच्या आधीच ठरलेल्या वेळेला नेऊन आणा, रात्री झोपताना आणि पहाटे नक्की. एक कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. झिरोचा बल्ब चालू ठेवा. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन करून घ्या, कानाचं यंत्र घ्या. सरकारनं २०२४ ला मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली, ६५ च्या वरच्याला आणि उत्पन्न कमी असेल तर तीन हजार रुपये खात्यात, चष्मा, कानाचं यंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची ह्यासाठीच आहेत ते. पुष्कळांचे आले पण, त्यातून कमोड खुर्ची घेतलेला माझ्या दुकानात तरी क्वचितच दिसतो. आणि तो हॉस्पिटलचा उंच लोखंडी पलंग काढा बरं. तो पलंग म्हाताऱ्यासाठी नसतो, तो वाकावं न लागणाऱ्या स्टाफसाठी आणि फोटो पाहणाऱ्या पोरांसाठी असतो. जन्मभर जो माणूस बाजेवर नाही तर खाली सतरंजीवर झोपला त्याला शेवटी उंचावर नेऊन ठेवायचं आणि मग पडन म्हणून बांधायचं. बुटका तखत टाका, बाजूला एक गादी टाका, लोळत खाली आला तर गादीवर येईल.

कायद्याचं थोडं बोलू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ च्या मे महिन्यापासून लागू. त्यात साखळदंडाला तर पूर्ण बंदी, आणि कलम ९७ मध्ये बांधण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय. लगेच इजा होणार असेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपुरतंच, कसं-का-किती वेळ ते लिहून, आणि पेशंटच्या वतीनं नेमलेल्या माणसाला २४ तासांच्या आत कळवून. शिक्षा म्हणून नाही. आणि हे वाक्य मला फार आवडलं, नुसता स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच. हा कायदा असाच आला नाही, त्याच्यामागं तमिळनाडूतलं एरवाडी आहे, ६ ऑगस्ट २००१, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात पहाटे आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ लोक जागचे हलू शकले नाहीत. आपल्या सेंटरमध्ये कूलरची वायर जळाली तर काय, हा विचार कोणी केलाय का? बांधलेल्या प्रत्येकाची गाठ सोडायला ती एकटी आया.

सेंटरवाले म्हणतात हा कायदा वेड्यांच्या हॉस्पिटलचा, आमचा वृद्धाश्रम आहे. पण कायद्यातली व्याख्या वाचा, विचार, मनःस्थिती ह्यांच्यासोबत स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान ह्यातला गंभीर बिघाड पण त्यात धरलाय. आणि अशा लोकांना जिथं ठेवून घेतात ती जागा, नातेवाईकांचं घर सोडलं तर, त्या कायद्याखाली येऊ शकते, नोंदणी लागते, नाहीतर दंड. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणं स्मृतिभ्रंशाचे पेशंट ठेवणाऱ्या सेंटरला कलम ९७ लागायलाच पाहिजे. समाजकल्याण खातं, आरोग्य खातं आणि नगरपंचायत, तिघं एकमेकांकडं बोट दाखवतात तो भाग वेगळा. आई-वडिलांच्या सांभाळाचा जो २००७ चा कायदा आहे त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा असं आहे, बांधण्याबद्दल एक शब्द नाही. मी म्हणतो कलम ९७ मधलं आहे तसं उचला आणि सगळ्या वृद्धाश्रमांना, केअर सेंटरना लावा, नाव काही का असेना. आणि रात्री किती लोकांमागं किती माणसं, हा आकडा दारावर लिहायला लावा, हॉटेलात रेट लावतात तसा.

पण कायदा येईल तेव्हा येईल. खरी गाठ नातेवाईकांच्या हातात आहे, आणि हे बोललं की लोकांना राग येतो. सेंटरवाला बांधतो कारण पोरगा फोनवर म्हणतो, "काही पण करा पण पडू नका देऊ." मग पडला की पोरगा गाडी करून चार मित्र घेऊन येतो, भांडतो, पैसे वापस मागतो, पोलिसात जातो म्हणतो. बांधून ठेवल्यानं बेडसोर झाला, न्यूमोनिया झाला, महिन्यात माणूस गेला, तर तोच पोरगा हात जोडून म्हणतो, तुम्ही लय सेवा केली. मग सेंटरवाला काय शिकणार? पडलेला बुढा म्हणजे भांडण आणि झिजून गेलेला बुढा म्हणजे पुण्य. हा हिशोब आपण त्याला शिकवलाय.

म्हणून माझं म्हणणं असं, की भरती करतानाच बसून बोला आणि कागदावर लिहा. माझा बाप चालणार, चालेल तर कधी पडेल, पडला तर ताबडतोब कळवा आणि दवाखान्यात न्या, पण पडू नये म्हणून बांधू नका, आणि नीट काळजी घेऊनही पडला तर मी भांडायला येणार नाही. निष्काळजीपणाला ही माफी नाही, ओल्या फरशीवर पाय घसरला तर भांडाच. आणि बांधावंच लागलं तर वहीत वेळ, कारण, कोणी बांधलं, कधी सोडलं हे लिहा, मला त्याच दिवशी फोन करा. जपानात तीन अटी आहेत, जिवाला किंवा शरीराला मोठा धोका समोर उभा असणे, दुसरा इलाज नसणे, आणि थोड्या वेळापुरतं असणे, तिन्ही एकदम असल्या तरच. ऑपरेशननंतर आयसीयूमध्ये भ्रमात नळ्या उपटणाऱ्याचे हात काही तास धरावे लागतात, ते मी समजू शकतो, ते ह्या तीन अटीत बसतं. 'रात्री स्टाफ नाही' हे बसत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती सगळ्यात अवघड. घरचं बांधणं. सेंटरवाल्यांवर लिहायला सोपं जातं, पण खेड्यात सेंटरची फी परवडणारे किती? सून सकाळी निंदणाला नाही तर वेचणीला जाते, पोरं शाळेत, नवरा कुठं तरी मजुरीला. सासू घराबाहेर पडली की विहिरीकडं जाते, एकदा एसटी स्टँडवर सापडली. मग सून काय करते, नेसूच्या जुन्या लुगड्यानं सासूचा पाय बाजेच्या पायाला बांधते, जवळ पाणी-भाकर ठेवते आणि जाते, गाईला दावं लावून जावं तसं. गाव म्हणतं कशी सून आहे. गावातल्या एकानं तरी म्हटलं का, की मावशी तू वावरात जा, आम्ही चार वाजेपर्यंत बघतो? त्या सुनेला कायदा लावून काय मिळणार, एक दिवसाची मजुरी बुडली तर संध्याकाळचं तेल-मीठ बुडतं.

लहान लेकरांसाठी आपण गावोगाव अंगणवाडी करू शकलो, तेव्हा पण लोक म्हणालेच असतील की लेकरं घरी सांभाळायची असतात. म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची तशी जागा का नको? समाजमंदिर बहुतेक गावात आहे, वर्षातून चार लग्नं आणि एक जयंती सोडली तर कुलूप असतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दोन बायांना मानधन, सावली, माठ, संडास, चार सतरंज्या. भजनी मंडळाचे म्हातारे तसेही पारावर बसूनच असतात, ते आत बसतील, खंजिरी वाजवतील. विसरभोळे चार जण त्यांच्यात मिसळून जातील, उठून चालायला लागले तर हाक मारायला दहा तोंडं असतील. वित्त आयोगाच्या पैशातून पेव्हर ब्लॉक बसवतो आपण ग्रामपंचायतीसमोर, दोन बायांचं मानधन कुठून काढायचं हे बसून शोधलं तर निघेल.

आमच्या गावच्या येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. समाजमंदिराची चावी उपसरपंचाच्या भाच्याकडं आहे, आत सध्या त्याच्या सोयाबीनची चुंगडी ठेवलेली आहेत, म्हणजे पहिलं भांडण तिथंच होणार. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी सभेला या, आणि ज्यांनी सेंटरमध्ये ठेवलंय त्यांनी ह्या आठवड्यात एकदा रात्री आठनंतर न सांगता जाऊन या, बाही वर करून मनगट बघा, आणि रात्री किती माणसं ड्युटीवर आहेत ते मालकाला नाही, आयाला विचारा.